चारशे घरांची एक आजी

किसुमू, ९ जानेवारी १९९५

ती. आजीस,
अमोंदीचा वाकून नमस्कार वि. वि.

मी इथे बरी आहे. हे पत्र ओगुतूकाका तुला वाचून दाखवतील, म्हणून त्यांनाही नमस्कार. काका, मागच्या पत्रातली माझ्या लग्नाबद्दलची ओळ तुम्ही शिलाईचं मशीन थांबवून दुकानात आलेल्या सगळ्या बायकांना ऐकवलीत असं कळलं. या पत्रात तसं काही नाही, तेव्हा खुशाल मोठ्याने वाचा.

बातमी चांगली आहे, पण माझ्या जिवाला स्वस्थता नाही. गेल्या पावसात आपल्या वस्तीतल्या अकरा चुलींनी आमच्या ‘हिरवा पट्टा’ योजनेचं मक्याचं बी पेरलं आणि एकरी सहा पोत्यांची चौदा झाली, याचा अहवाल मी लिहिला होता. तो नैरोबीच्या बैठकीत वाचला गेला. मुसेम्बीसाहेब, म्हणजे आमच्या योजनेचे प्रमुख, म्हणाले की इतकी वेळेवर पेरणी त्यांनी बावीस वर्षांत पाहिली नाही. अकरा घरांनी दीड दिवसात सगळं बी मातीत घातलं, म्हणून पीक किडीच्या तावडीतून सुटलं. आता जे अकरा घरांत झालं ते चारशे घरांत करायचं ठरलं आहे. टेकडीपासून ओढ्यापर्यंत सगळ्यांच्या शेतांचा एकच पट्टा होईल. मधली कुंपणं काढायची, ट्रॅक्टरने सलग नांगरायचं आणि वीस मार्चला सगळ्यांनी एकदम पेरायचं. पीक ज्याचं त्याला मिळेल.

आता जे डाचतं आहे ते. अहवालाच्या कागदावर ‘पेरणी वेळेवर होण्याची कारणे’ असा प्रश्न होता आणि खाली तीन चौकटी होत्या: बियाणे, प्रशिक्षण, रेडिओवरील सूचना. मी तिन्हींवर खूण केली. पहिला दाणा तू टाकलास, मग धाकट्या आजीने, मग वयाच्या क्रमाने सुनांनी, आणि तू उजाडताच शेतात उतरलीस म्हणून दुपारपर्यंत शेवटच्या सुनेचीही पाळी आली, हे लिहायला चौथी चौकट नव्हती. समासात जागा होती. पण तिथे लिहायची मला लाज वाटली. आपल्या घरातून शाळेत गेलेली मी पहिली. ही एवढी शिकून परत तेच सांगते आहे असं लोक म्हणतील, असं वाटलं. माझं चुकलं का, ते कळव.

गुडघ्यासाठी मलम पाठवते आहे. ते चहात घालायचं नाही.

माया आहे तशीच असू दे, एवढं मागणं.
तुझी
अमोंदी

*

कोदुओल, २ फेब्रुवारी

चि. अमोंदीस,
गेम गावच्या लेकीचे, म्हणजे तुझ्या आजीचे, पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. ओगुतूने दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा कुणी सांगितलं नव्हतं. मलम लावलं. वास चांगला आहे. गुडघा होता तसाच आहे.

तुला माझी लाज वाटली हे ऐकून धाकटीला इतका आनंद झाला, की तिने आपण होऊन मला सुकी मासळी तळून आणून दिली. माझी सवत झाल्यापासूनची ही दुसरी खेप. पहिली खेप माझी दाढ दुखत होती त्या वर्षी. मी तीन दिवस पेरायला बाहेर पडले नाही, म्हणून तिलाही पडता येईना, आणि आभाळ तर भरून आलेलं. चौथ्या दिवशी सकाळी मासळी आली आणि दाढ थांबली. ती अजून म्हणते की दाढ दुखतच नव्हती. दाढ माझी, दुखली की नाही ते मला ठाऊक.

पोरी, कागदात चौकट नव्हती तर नव्हती. चहात साखर घातली आहे हे पातेल्यावर कुणी लिहीत नाही. मला विचारायचं आहे ते वेगळंच. आज आमच्या कुंपणाच्या आत मी थोरली. पलीकडच्या कुंपणात कानोची लेक थोरली, तिचं माहेर कानोचं. त्याच्या पलीकडे आणखी कुणी. प्रत्येकीच्या मागे तिच्या सवती, तिच्या सुना. तुमचे साहेब सगळी कुंपणं काढणार म्हणजे चारशे घरांची एकच वस्ती झाली. मग त्या वस्तीची थोरली कोण? आणि पेरणीच्या आदल्या रात्री घरधन्याने थोरलीच्या झोपडीत निजायचं असतं, हे तू विसरली नसशील. आमचा म्हातारा येतो आणि घोरतो, तेवढंही चालतं. पण या मोठ्या वस्तीचा घरधनी कोण? मुसेम्बीसाहेब असतील तर त्यांना सांग, माझी झोपडी गळते.

कागद तुझ्या ऑफिसचा, म्हणून आम्ही सगळ्यांनी अंगठे दिले. मी ज्वारीच्या जमिनीचा तुकडासुद्धा मागे ठेवला नाही. म्हणजे यंदा कणगीत जे पडेल ते त्या पट्ट्यातलंच. तेव्हा नीट विचारून कळव.

आजी

ता. क. साहेबांच्या झोपण्याबद्दलचं वाक्य मी गाळत होतो. ती म्हणाली, तू लिहायला बसला आहेस की खडे वेचायला. माझ्या घरचंही शेत पट्ट्यात आहे, म्हणून उत्तराची मीही वाट पाहतो आहे. — ओगुतू, शिंपी

*

किसुमू, १६ फेब्रुवारी

ती. आजीस,
नमस्कार वि. वि.

तुझा प्रश्न मी बैठकीत विचारला. ‘पेरणीतील ज्येष्ठताक्रम’ असं त्याला नाव दिलं, कारण नाव दिल्याशिवाय इथे काही विचारता येत नाही. मुसेम्बीसाहेब हसले. म्हणाले, माझी आईही असंच करायची. रेडिओ आला की या गोष्टी आपोआप जातात. मग पुढचा विषय ट्रॅक्टरच्या डिझेलचा होता.

आदल्या रात्रीचं मी विचारलं नाही. बैठकीत चौदा पुरुष होते.

मी रोज यादी तपासते आहे. हिरव्या टोप्या चारशे बारा, सुतळीचे गुंडे चारशे बारा (ओळी सरळ याव्यात म्हणून), बियाणे पुरेसं. यादीत काही कमी नाही, याचीच काळजी वाटते. आजी, तू त्या दिवशी वेळेवर जा. तू वाकलीस की सगळ्या वाकतील, असं मी स्वतःला सांगते आहे.

धाकट्या आजीला सांग, मला आता लाज वाटत नाही. मासळी बंद झाली तर त्याला माझा इलाज नाही.

लोभ आटू देऊ नकोस.
अमोंदी

*

कोदुओल, २२ मार्च

चि. अमोंदीस,
आशीर्वाद आहेतच, पण आज घाईत. बसचा वाहक चहा संपेपर्यंतच थांबणार आहे.

वीस तारीख झाली. बी पिशव्यांत आहे.

पाऊस तीनदा पडून गेला होता, माती लोण्यासारखी. सकाळी सातला चारशे बायका तुमच्या टोप्या घालून, कमरेला सुतळीचे गुंडे बांधून हजर होत्या. तुमच्या माणसाने शिट्टी वाजवली. कुणी वाकलं नाही. त्याने पुन्हा वाजवली. आम्ही झाडाखाली जाऊन बसलो. त्याला वाटलं आम्ही उपाशी आहोत, त्याने चहा-पाव वाटला. तो आम्ही घेतला. मग त्याला वाटलं आम्हाला बियाण्याचा संशय आहे, म्हणून त्याने चार दाणे सगळ्यांसमोर चावून दाखवले. त्या दाण्यांना किडीचं औषध चोळलेलं असतं, हे त्यानेच आम्हाला शिकवलं होतं. दुपारनंतर तो आडवा पडला. धाकटीने त्याला दूध पाजलं. आता बरा आहे.

पडायच्या आधी त्याने मला नावाने पुढे बोलावलं, नमुनेदार शेतकरीण म्हणून. मी उठलेही होते. तेवढ्यात मागून कानोची लेक, शेजारणीपुरतंच पण मला ऐकू येईल असं म्हणाली, की बघू या, म्हातारपणी आपल्याला नवी सासू मिळते का. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी गुडघा धरून खाली बसले.

आता ऐक. महिनाअखेरच्या आत दाणा मातीत गेला नाही तर कणसात किडा पडतो. हे मला कुणी शाळेत शिकवलेलं नाही. माझी कणगी तळाला लागली आहे, आणि माझी एकटीची नाही. धाकटी दोन दिवस माझ्याशी भांडलेली नाही, हे लक्षण चांगलं नव्हे. जे तुला समासात लिहायचं होतं ते आता जाऊन तोंडाने सांग.

आजी

*

किसुमू, २५ मार्च

ती. आजीस,
नमस्कार वि. वि.

तुझं पत्र हातात घेऊन मी सरळ मुसेम्बीसाहेबांच्या खोलीत गेले. त्यांनी बस म्हटलं तरी बसले नाही. गेल्या वर्षी पेरणी वेळेवर झाली ती आजीने पहिला दाणा वेळेवर टाकला म्हणून. ते मी अहवालातून गाळलं. आणि त्या गाळलेल्या ओळीवर आता चारशे घरांचं वर्षाचं पोट उभं आहे, असं सगळं सांगितलं. राजीनामा लिहून नेला होता, दोन प्रतींत.

साहेब रागावले नाहीत. ते खूश झाले, आणि तेव्हापासून मला जास्त भीती वाटते आहे. म्हणाले, हे आधी का नाही सांगितलंस, हाच तर आपला हुकमाचा पत्ता. अकरा घरांना एक आजी पुरली, चारशेंनाही पुरेल. त्यांनी तुला ‘पट्टामाता’ असं पद दिलं आहे. एकोणतीस तारखेला मांडव घालून तू पहिला दाणा टाकायचा आणि मग सगळ्यांनी. तुझा फोटो छापलेले टी-शर्ट शिवायला गेले आहेत. मी म्हटलं की साहेब, ती त्या अकरा घरांना चालते कारण ती त्यांचीच आजी आहे. ते म्हणाले, अगदी बरोबर, आणि वहीत लिहून घेतलं.

रात्रीचं आजही सांगता आलं नाही. तोंड उघडलं होतं, पण कानच आधी तापले. माझ्याकडून अजून एवढं गाळलं गेलं आहे, हे तुला ठाऊक असू दे.

तू जा असं मी म्हणू शकत नाही, नको जाऊस असंही नाही. बी मातीत जायला हवं, एवढंच मला कळतं.

रागावलीस तरी पत्र लिहीत राहा.
अमोंदी

*

कोदुओल, १ एप्रिल

चि. अमोंदीस,
पट्टामातेचे आशीर्वाद. मोठं पद आहे, जपून घे.

एकोणतिसाला मला न्यायला गाडी आली. चारशे पावलांवरचं शेत, पण गाडीतून. माझ्या पोटावर माझंच तोंड छापलेला सदरा होता. तो ओगुतूने बाजूंनी आवळून दिला, तरी माझा एक डोळा काखेत जात होता. मांडवात चुन्याने एक चौकोन आखला होता. त्यात मी दाणा टाकायचा. आधी साहेब बोलले. पुष्कळ बोलले. मग मला पुढे केलं.

तेव्हा कानोची लेक उठली. म्हणाली की तिचं कुणाशी भांडण नाही, पण ती या गावात नांदायला आली तेव्हा गेमची लेक बापाच्या शेळ्या वळत होती. आज हिच्या मागून पेरलं तर ती हिची धाकटी सवत ठरेल, आणि तिचा नवरा तर कबरीत आहे, हे लग्न त्याला कळवायला कोण जाणार. मग मागून एका म्हाताऱ्याने साहेबांना अदबीने विचारलं की काल रात्री आपण कुठे निजला होता. साहेब म्हणाले, हॉटेलात. म्हाताऱ्याने मान हलवली आणि तो खाली बसला. साहेबांनी वहीत लिहिलं, निवासाची सोय हवी.

खरं सांगू का, कानोची लेक बोलली त्यात काही चूक नव्हती. मला एक सवत आहे आणि तीच एक जास्त आहे. चारशे मला झेपायच्या नाहीत.

मी चुन्याच्या चौकोनात दाणा टाकला नाही. कमरेची सुतळी सोडली आणि वारुळापाशी गेले. ते वारूळ ट्रॅक्टरलाही हललं नव्हतं. तिथे खुंट ठोकला. दुसरा, काळी माती संपून लाल लागते तिथे. तिसरा उंबरापाशी. चौथा तुझे आजोबा बसून आमच्या कामात चुका काढतात त्या दगडापाशी. चारी बाजूंनी सुतळी फिरवली. गुडघा बोलत होता. धाकटीने न सांगता गुंडा धरला. मग आत शिरले, खड्डा केला, दाणा टाकला, पायाने माती लोटली. माझ्यामागे धाकटी वाकली, मग सुना. मान वर करून पाहिलं तर कानोची लेक आपल्या बांधावर खुंट ठोकत होती, आणि तिच्या पलीकडे नजर पोचेल तिथवर सुतळ्याच सुतळ्या. एक कुंपण उरलं नव्हतं, पण कुणाची हद्द वीतभर चुकली नाही. चाळीस वर्षं बांधावरून भांडतो आहोत, ते काय उगाच.

आदल्या रात्रीचं म्हणशील, तर म्हातारा माझ्याकडे येऊन घोरून गेला होता. गावातले बाकीचे म्हातारेही ज्याच्या त्याच्या जागी घोरले असावेत, कारण खुंट सगळ्यांकडे तासून तयार होते.

काल संध्याकाळी पट्टा पेरून संपला. रात्री पाऊस आला. या वेळी सगळं लिही. चौकट असो, नसो.

आजी

ता. क. एक कबुली. साहेबांनी सुतळ्या कशासाठी असं विचारलं तेव्हा सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, शिवण सरळ यायला आम्ही खडूची रेघ मारतो, तसंच हे. ते वहीत गेलं आहे. — ओगुतू

*

किसुमू, ४ ऑक्टोबर

ती. आजीस,
नमस्कार वि. वि.

पोत्यांचे आकडे आले. एकरी पंधरा. तुझी कणगी भरली हे ओगुतूकाकांच्या चिठ्ठीतून आधीच कळलं होतं, तरी आकडा बघून मी ऑफिसच्या मागे जाऊन थोडी रडले. मग परत येऊन अहवाल लिहिला.

सगळं लिहिलं, आजी. वेगळी अकरा पानं जोडली. थोरली म्हणजे कोण, दाढदुखी, कानोची लेक, वारूळ, उंबर, सगळं. आणि बाराव्या पानावर ती रात्रसुद्धा, ‘गृहप्रमुखाची उपस्थिती’ या नावाने. चारशे घरांचा एक पट्टा पिकला नाही, चारशे पट्टे एकमेकांशेजारी पिकले, असं शेवटचं वाक्य होतं. ते मी सहा वेळा खोडून पुन्हा लिहिलं.

नैरोबीहून छापील अहवाल आला. माझ्या बारा पानांची त्यात एक ओळ आहे: ‘सुतळीचा वापर उपयुक्त आढळला.’ पुढच्या वर्षी योजना चार हजार घरांत जाईल. प्रत्येक घराला सुतळीचे दोन गुंडे. आणि दर चारशे घरांमागे एक प्रशिक्षित पट्टामाता. तीन दिवसांचा वर्ग, वयाची अट अठरा ते पंचेचाळीस, शेवटी प्रमाणपत्र. वर्ग मी घ्यायचा आहे.

मी त्यांना काय शिकवू? मी आजवर कुणाच्या आधी पेरलेलं नाही, नंतरही नाही. राहिले तर खोटं शिकवावं लागेल. सोडलं तर माझ्या जागी जो येईल त्याला हे खोटं आहे हेसुद्धा कळणार नाही. राजीनाम्याच्या दोन्ही प्रती ट्रंकेत आहेत, तारीख तेवढी बदलावी लागेल.

एक सांगायचं राहिलं. अहवालाच्या नव्या कागदावर चौथी चौकट आली आहे. तिच्यावर ‘इतर’ असं लिहिलं आहे. साहेब म्हणाले, ही खास तुझ्यासाठी. अर्ध्या बोटाएवढी आहे.

तुझ्या उत्तराची वाट पाहते.
अमोंदी

*

कोदुओल, २० ऑक्टोबर

चि. अमोंदीस,
जुन्या पट्टामातेचे आशीर्वाद. नवी निवडली गेली आहे, म्हणून जुनी म्हणायचं.

ओगुतूने माझा अर्ज भरून पाठवला होता. वय त्याने चव्वेचाळीस लिहिलं. तुमचा माणूस चौकशीला आला, तोच, दाणे चावणारा. त्याने वयाचं काही विचारलं नाही, लग्नाचं वर्ष विचारलं. ते मी खरं सांगितलं. ते मानाचं असतं, चोरायचं कशाला. अर्ज परत आला. अनुभवाच्या जागी त्यांनी लिहिलं आहे, प्रमाणपत्र नाही.

आमच्या चारशे घरांसाठी ओगुतूची धाकटी सून निवडली आहे. वय सव्वीस, इंग्रजी येतं, स्वभावाने गरीब. घरी तिची पेरायची पाळी पाचवी. कानोची लेक तिला भेटून म्हणाली की अभिनंदन सासूबाई. पोरगी दोन दिवस जेवली नाही.

तुझ्या ट्रंकेतल्या कागदांनी चूल पेटव. सोडायचं नाही. पहिल्या दिवशी त्यांना ओळीतलं अंतर शिकव, ते खरोखरच चांगलं आहे, मीही तसंच करते. दुसऱ्या दिवशी खत शिकव. तिसऱ्या दिवशी प्रत्येकीच्या हातात सुतळी दे आणि विचार की तुझ्या घरी पहिला दाणा कुणाचा हात टाकतो. मग सांग, घरी जा आणि ही सुतळी त्या हातात दे. प्रमाणपत्र खुशाल भिंतीवर लावू देत. तसाही पाऊस भिंत बघून येत नाही.

मार्चमध्ये रजा काढून ये. माझा गुडघा आता नुसता बोलत नाही, ऐकतही नाही. धाकटी म्हणते की ती मला दोन्ही काखांत धरून वाकवील. रोज सकाळी लापशी आणून देते, मी संपवेपर्यंत उभी राहते. मी म्हटलं, मी गेले की तूच थोरली, तुला कशाला एवढी पडली आहे. ती म्हणाली की साहेबांचं भाषण पुढे उभं राहून ऐकायची तिची तयारी नाही, तेव्हा मी आणखी थोडी वर्षं काढावीत.

आणि त्या चौकटीचं. ओगुतूला मी अर्धं बोट किती ते दाखवायला सांगितलं, त्याने टेपने मोजून दाखवलं. बारकी आहे खरी. पण मक्याच्या दाण्यालाही मी काही विहीर खणत नाही. दोन बोटं खड्डा, एक दाणा, वर माती. गेल्या वर्षी तू समास कोरा सोडलास, यंदा बारा पानं ओतलीस. बी असं पेरत नाहीत. त्या चौकटीत मावेल तेवढं एकच वाक्य घाल. पुढच्या वर्षी तेच पुन्हा घाल. उगवायला लागलं की साहेबांना वाटेल त्यांनीच पेरलं. वाटू दे.

जेवत जा. आमच्यावर लोभ आहेच, तो जरा अक्षर मोठं काढून लिहीत जा, ओगुतूचा चष्मा फुटला आहे.

तुझी
आजी

ता. क. सून सोमवारच्या बसने येते आहे. अमोंदी, तिला वर्गात पहिल्या बाकावर बसवू नकोस. पाचव्यावर बसव, म्हणजे घरी आल्यावर जड जाणार नाही. — ओगुतू, शिंपी